बोर्डोच्या गावची बाटली: शातो द्युक्रू-बोकायू, २०१४

बोर्डो आमच्या घरात पहिल्यांदा आला तो दोनशे लिटरच्या ड्रममधून, द्राक्षावर फवारायचं औषध म्हणून. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, आणि एक किलो चुना, हे प्रमाण मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात लोंबतं ठेवायचं, चुना दुसऱ्या भांड्यात विरवायचा, सकाळी दोन्ही गाळून एकत्र करायचं आणि काठीनं ढवळत राहायचं. मग आण्णा, म्हणजे माझे वडील, विळ्याचं पातं घासूनपुसून त्यात बुडवायला सांगायचे. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, अजून टाका. पातं स्वच्छ निघालं की पंप पाठीवर. त्या आभाळी रंगाचे डाग पडलेला आण्णांचा एक सदरा अजून आमच्या पंपघरात खुंटीला आहे.

बोर्डो नावाचं फ्रान्समध्ये शहर आहे हे पुढे शाळेत कळलं. ते बघायला मात्र साठी उलटावी लागली. लेक-जावई तिथं नोकरीला आहेत, नातू सहा वर्षांचा. गोडी छाटणीच्या आधी, ऑक्टोबर उजाडायच्या आत परत यायचं या बोलीवर मी आणि सौ. गेल्या सप्टेंबरात तीन आठवडे जाऊन आलो. हे परीक्षण तिथं प्यालेल्या एका बाटलीचं. शातो (म्हणजे वाड्यासकट द्राक्षबाग) द्युक्रू-बोकायू, गाव सँ-झ्युलियाँ, साल २०१४. जावयानं शहरातल्या एका दुकानातून दीडशे युरोला आणली. आपले पंधरा हजार म्हणा. माझ्या बागेत एका माणसाची महिन्याची मजुरी.

वाईनमधलं मला फार कळत नाही. कॅबरनेट हे वाईनचं काळं द्राक्ष मात्र मी पाच वर्षं पिकवलं आहे. २००५ च्या सुमारास आमच्या दिंडोरीकडे वाईन-द्राक्षांची लाट आली तेव्हा मीही थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून दोन एकर कॅबरनेट लावलं होतं, एका वाइनरीशी करार करून. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग २००९-१० च्या मंदीत मालाला उठाव राहिला नाही, वाइनरीनं माल उचलायला टाळाटाळ केली, उचलला त्याचे पैसे थकवले. त्यातले थोडे अजून यायचे आहेत, आता कोण देतंय. बाग मी कुऱ्हाडीनं तोडली आणि पुन्हा थॉमसन लावलं. एवढ्या काळात कॅबरनेटची साखर रोज मोजली, पण त्याची चांगली वाईन कशी लागते ते कधी चाखलं नाही. कंपनीनं दिवाळीला दिलेली एक बाटली पुतण्यानं बर्फ घालून शेंगदाण्यांबरोबर संपवली होती. तेव्हा या पंधरा हजारांत माझी जुनी उधारीही वसूल व्हायची होती असं समजा.

बाटलीच्या आधी बाग बघायची असं मी जावयाला बजावलं होतं. बोर्डोहून उत्तरेला पंचेचाळीस-एक किलोमीटर. उजव्या हाताला जिरोंद नदी. नदी कसली, गारोन आणि दोर्दोन्य एकत्र होऊन समुद्राकडे निघालेली खाडीच ती. पाणी चहासारखं गढूळ. या नदीच्या डाव्या काठच्या पट्ट्याला मेदोक म्हणतात. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून इथली दलदल निचरून काढली, तोवर बराच भाग चिखलाचा होता. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्ष सोडून काही नाही. मार्गो मागे पडलं, मग बेशवेल. तिथं एका जहाजवाल्या सरदाराला मान म्हणून येणारी-जाणारी जहाजं शिडं उतरवायची, त्यावरून ते नाव पडलं अशी दंतकथा आहे. सँ-झ्युलियाँच्या वेशीवर वाईनची एक अवाढव्य बाटली उभी केली आहे. आमच्या पिंपळगावच्या चौकात कोणी द्राक्षाचा घड उभारला तर आम्ही हसू, पण इथं ती बाटली बघून मला बरं वाटलं. शेतमालाचा एवढा मान गावानं ठेवावा.

गाडी कडेला लावून आम्ही बागांमधल्या पायवाटेनं निघालो. खाली बघितलं आणि मी थांबलोच. माती दिसेना. अंड्याएवढे, लिंबाएवढे गोटे. पांढरे, पिवळसर, काही गुलाबी, पाण्यानं गोल घासलेले. हजारो-लाखो वर्षांपूर्वी नदीनं वरच्या डोंगरांतून आणून टाकलेले. आमच्याकडे अशा जमिनीला बरड म्हणतात आणि सोयरीक करताना मुलीचा बाप ती मोजणीत धरत नाही. इथंही पूर्वी तसंच होतं म्हणे. गहू-बाजरीला नालायक म्हणून या जागेला मोकायू, म्हणजे वाईट गोटे, म्हणायचे. मग द्राक्ष लावल्यावर त्याच गोट्यांमधून जे निघालं ते चाखून लोकांनी नाव बदललं. बोकायू, म्हणजे सुंदर गोटे. द्युक्रू हे १७९५ साली ही जागा विकत घेणाऱ्या मालकाचं आडनाव. दगड तेच राहिले, सातबारा बदलत गेला. १९४१ पासून मालकी बोरी नावाच्या घराण्याकडे आहे. नाव ऐकून सौ. म्हणाली, ‘‘बोरी बाभळीच्या जमिनीत आणखी कोण असणार.’’

गोट्यांचा फायदा कुठल्याही द्राक्षवाल्याला सांगावा लागत नाही. पाऊस पडला की पाणी खाली निघून जातं, मुळांशी साचत नाही. वेल पाण्याच्या शोधात खोल जाते, अंग कमी धरते, मणी लहान ठेवते. दिवसा तापलेला गोटा रात्री खालून ऊब देतो. कॅबरनेट उशिरा पिकतं, त्याला ही ऊब लागते. मर्लो लवकर पिकतं, त्याला चिकणमाती चालते. म्हणून बोर्डोत गोट्यांवर कॅबरनेट आणि चिकणमातीवर मर्लो अशी ढोबळ वाटणी आहे. शिवाय खाडी जवळ असली की वसंतातली दव गोठवणारी थंडी जरा सौम्य पडते. नदी बघणारी बाग सगळ्यात चांगली, अशी मेदोकमध्ये म्हणच आहे. द्युक्रू-बोकायूचा वाडा बरोबर तसा बसला आहे: दोन टोकांना दोन चौकोनी बुरूज, समोर उतार, खाली पाणथळ गवताचा पट्टा, त्यापलीकडे जिरोंद. आत जायला आधी वेळ ठरवावी लागते, ती आम्ही ठरवली नव्हती. चूक आमची. बाहेरूनच बघितला.

पण मला वाड्यात रस नव्हता, ओळींत होता. दोन ओळींत अंतर एक मीटर आणि दोन वेलींतही साधारण एक मीटर. हेक्टरी दहा हजार वेली! एकराला चार हजार. माझ्या बागेत नऊ बाय पाच फुटांवर लागण आहे, एकराला साडेनऊशेच्या आसपास झाडं. वेल एवढीशी, घड माझ्या गुडघ्याच्या उंचीला. मांडव नाही, ‘वाय’ आकाराचा सांगाडा नाही, तारेवर दोन बाजूंना दोन काड्या बांधलेल्या. या एक मीटरच्या बोळात ट्रॅक्टर कसा जात असेल असं विचारणारच होतो तेवढ्यात तो आला. ओळीतून नाही, ओळीवरून! चार उंच पायांवर उभा, वेल पोटाखालून काढत, वर बसलेला माणूस घोड्यावरच्या स्वारासारखा. नातू टाळ्या वाजवत होता आणि मी मनात त्याचा भाव काढत होतो.

उत्पन्न ऐकाल तर हसाल. चांगल्या बागांत एकरी अडीच-तीन टन. मी दहा टनांखाली आलो तर घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. पाणी? मोठ्या झालेल्या वेलींना ठिबक साधारण चालतच नाही, नियमात बसत नाही. अगदी टोकाच्या दुष्काळात परवानगी काढतात. छाटणी एकच, हिवाळ्यात. इथं वेल थंडीत खरोखर झोपते. आमच्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आम्ही एप्रिलला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला गोडी छाटणी करतो, वर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतो. एका पिकासाठी वेलीला दोनदा कापणारे आम्ही त्यांना कसाईच वाटत असू. एक गोष्ट मात्र सारखी. त्यांचंही खुंट अमेरिकन, आपलंही. मातीतल्या उवेनं, फायलॉक्सेरानं, १८६० नंतर फ्रान्सच्या बागा खाल्ल्या तेव्हा त्यांनी अमेरिकन मुळांवर आपल्या जातींची कलमं केली. आपण क्षारासाठी आणि दुष्काळासाठी डॉगरिज हे खुंट वापरतो. वरचं डोकं कुणाचंही असो, पाय अमेरिकेचे.

आता माझ्या ड्रमची गोष्ट. ती या गावातच घडली.

त्या अमेरिकन रोपांबरोबर एक नवा रोग आला, १८७८ च्या सुमारास. आम्ही त्याला डाऊनी म्हणतो, जुनी माणसं केवडा म्हणायची. पानं तेलकट डाग पडून गळतात, घड उघडे पडतात. १८८२ च्या ऑक्टोबरअखेर बोर्डोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे सँ-झ्युलियाँच्या बागांतून चालले होते. सगळीकडे वेली उघड्याबोडक्या, पण रस्त्याच्या कडेच्या ओळींवर पानं शाबूत. नीट बघितलं तर पानांवर निळसर पांढरी भुकटी. बोकायूचे कारभारी एर्नेस्त दाव्हिद यांना विचारलं. उत्तर मिळालं ते असं की, येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात, म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. विषारी दिसतं, कोणी हात लावत नाही. मियार्देंनी धागा पकडला. दाव्हिद यांच्या देखरेखीतल्या बागांत प्रयोग झाले, रसायनशास्त्रज्ञ गायों मदतीला होते आणि १८८५ साली कृती छापून आली. तेव्हाचं प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी जड होतं: शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, तीस लिटरमध्ये पंधरा किलो चुना. त्या काळात बोकायूचे मालक जॉन्स्टन हे होते आणि मार्गोजवळची दोझाकची बागही त्यांचीच. म्हणून दोन्ही बागा या शोधाचा मान सांगतात.

ही गोष्ट जावयानं मला त्या पायवाटेवर सांगितली तेव्हा मला हसू आवरेना. आमची बाग वणीच्या रस्त्याला लागून आहे. चैत्रात गडावर पायी जाणारी माणसं जाता-जाता हात मारतात. देवीची माणसं, बोलणार काय? आण्णांनी रस्त्याकडच्या दोन ओळींना पाटी लावली होती, ‘विषारी औषध मारले आहे’. औषध मारलेलं नसायचं. दाव्हिद कारभाऱ्यांनी खरंच मारलं म्हणून शोध लागला, आण्णांनी नुसती पाटी लावली म्हणून आम्ही राहिलो दिंडोरीत.

मेदोकच्या त्या बागेला आजही कुंपण नाही. घड हाताशी, कॅबरनेट अजून तोडलेलं नव्हतं, आजूबाजूला कोणी नाही. मी एक मणी तोडला. एकच. चोरी ती चोरी. दहा-बारा मिलिमीटरचा, जवळजवळ काळा, वर मेणासारखी लव. आमच्या मण्याची फुगवण अठरा मिलिमीटरला जराशी कमी भरली तरी निर्यातदार नाक मुरडतो. हा तर त्यानं पेटीत घेतलाच नसता. आधी रस. गोड, पण मागे आंबटाची धार सोडलेली नाही. मग साल चावली. तुरटपणा हिरडीवर येऊन बसला. मग बी. दाताखाली कडक फुटली, भाजलेल्या शेंगेसारखी चव, हिरवटपणा नाही. आठवड्या-दोन आठवड्यात तोडणीला येईल असं मी जाहीर केलं. जावई म्हणाला, ‘‘बाबा, त्यांनी तुम्हाला विचारलेलं नाही.’’

एक गमतीची, खरं तर न गमतीची बाब. जिथं मोरचुदाचं औषध जन्मलं तिथंच आता मोरचुदावर लगाम आहे. युरोपात सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलोपेक्षा जास्त तांबं मारता येत नाही, कारण ते जमिनीतून जात नाही, साचत राहतं. म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. आण्णांच्या सदऱ्यावरच एवढं असेल.

तर बाटली.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी मेदोकच्या बागांची पाच श्रेण्यांत यादी केली, ती अजून चालते. मोठा बदल म्हणाल तर १९७३ साली मुतों ही बाग दुसरीतून पहिलीत गेली, एवढाच. श्रेणी कशावरून ठरवली? बाजारभावावरून. ज्याचा भाव जास्त तो वरचा. लासलगावच्या व्यापाऱ्यांनी एका दुपारी यादी करावी आणि ती पावणेदोनशे वर्षं टिकावी तसं. सँ-झ्युलियाँमधल्या अकरा बागा या यादीत आहेत. पहिल्या श्रेणीत गावची एकही नाही, दुसरीत पाच, त्यातली एक द्युक्रू-बोकायू.

लेबल मला आवडलं नाही. नारिंगी-सोनेरी, वर वाड्याचं चित्र. मामाच्या लग्नातली पत्रिका दिसते. बाटली वजनदार. बूच लांब, खालचं टोक फक्त जांभळं झालेलं, बाजूनं रस वर चढलेला नाही. हे मी मुद्दाम बघितलं, कारण आठवड्याआधीच आम्ही फसलो होतो. दुसऱ्या एका दुकानातून मेदोकचीच स्वस्तातली बाटली आणली, दुकानदारानं ती दर्शनी काचेत उन्हात उभी ठेवलेली. बूच किंचित वर आलेलं, आत शिजवलेल्या मनुकांचा वास. शीतगृह बंद पडल्यावर द्राक्षाचं होतं तेच वाईनचं होतं. तेव्हा एवढे पैसे घालताना बाटली आडवी, अंधारात, गारव्यात ठेवणारं दुकान गाठा. दुकानदाराला ‘तळघरातली द्या’ म्हणायला लाजू नका.

२०१४ चं साल मला ऐकूनच आवडलं होतं. तिथला उन्हाळा गार आणि ओलसर गेला, सगळे तोंड पाडून बसले आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरला असं कोरडं, लख्ख ऊन पडलं की उशिरा पिकणारं कॅबरनेट तरून गेलं. द्राक्षवाल्याला असं साल कळतं. आपल्याकडे डिसेंबरात अवकाळी ढगाळ हवा येते, रोज फवारणी, झोप उडते, आणि जानेवारी सगळं सावरून घेतो, तसं. या वाईनमध्ये बहुतेक भाग कॅबरनेटचा, थोडं मर्लो. ओकच्या २२५ लिटरच्या पिपांत दीड वर्षाच्या आसपास मुरते. एका पिपात तीनशे बाटल्या. वाईन नितळ करायला मेदोकची जुनी रीत म्हणजे पिपात अंड्याचा पांढरा बलक फेटून घालायचा; उरलेल्या पिवळ्यातून कानले नावाचे छोटे, काळसर भाजलेले केक निघाले असं सांगतात. आमची सौ. माळकरी. हे ऐकल्यावर तिनं पेला आणखी चार बोटं लांब सरकवला.

संध्याकाळी पाचला उघडली, काचेच्या भांड्यात ओतली, साडेसातला बसलो. लगेच चाखली तेव्हा मी निराश झालो होतो हे कबूल करतो. गप्प होती. थोडी आंबट, थोडी तुरट, ढोबळी मिरची चिरल्यासारखा अंधुक वास. माझ्या दोन एकरांवरचा माल अवेळी तोडला की असाच वास यायचा. पंधरा हजार गेले असं वाटलं.

दोन तासांनी तीच वाईन ओळखू येईना. रंग मध्ये दाट, कडेला विटकरी. अकरा वर्षांचं वय तिथं दिसतं. वासात आधी काळं फळ. फ्रेंच लोक कासिस म्हणतात. लेकीकडे त्याच्या मुरंब्याची बाटली होती, मी चमचाभर खाऊन बघितला. आपलं करवंद, पण मे महिन्याच्या शेवटचं, अगदी पिकून बोटाला डाग सोडणारं, त्यात थोडं जांभूळ मिसळा. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं ते मला सापडेना. ओळखीचं होतं आणि नाव येत नव्हतं. मी पेला फिरवतोय, नाक खुपसतोय, जावई फोनवर कुणाकुणाची मतं वाचून दाखवतोय. शेवटी सौ.नं पेला माझ्या हातून घेतला, तोंडाला न लावता लांबूनच एकदा हुंगला आणि नातवाला म्हणाली, ‘‘पेन्सिल तासून कचरा इथंच टाकलास होय रे?’’

तेच. नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड, शिशासकट. त्यानंतर मला दुसरं काही येईना.

तोंडात घेतली तेव्हा पहिल्यांदा कळली ती तिची शिस्त. गोडी नाही, पण फळ पिकलेलं. आंबटपणा कण्यासारखा मधोमध. आणि तुरटपणा तोच, त्या चोरलेल्या मण्याच्या सालीचा. तिथं तो हिरडीला खरवडत होता, इथं अकरा वर्षांत झिजून झिजून त्या गोट्यांसारखाच गोल झालेला. आवळा खाऊन पाणी प्यावं तसं नंतर तोंड ओलं होत राहतं. गिळल्यावर मी मनात आकडे मोजले. वीसपर्यंत चव होती. माझ्या कॅबरनेटची वाईन झाली असती तर ती पाचापर्यंत टिकली असती का हे मला माहीत नाही, पण एकरी सहा टन काढून ती वीसपर्यंत टिकली नसती, हे नक्की.

जेवणाचं सांगतो, कारण यात आमची फजिती झाली. पोयाक हे शेजारचं गाव कोवळ्या मेंढीच्या मटणासाठी प्रसिद्ध आहे. जावयानं त्याच्या चापा आणल्या आणि सौ.च्या शर्तीप्रमाणे स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीत शेगडीवर भाजल्या. वर फक्त मीठ, मिरी आणि लसूण. तिथले लोक मांस द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांवर भाजतात. आमच्या काड्या चुलीत जातात किंवा बांधावर कुजतात. चापांबरोबर वाईन अशी बसली की बोलणं थांबलं. मग मी हावरटपणा केला. लेकीनं माझ्यासाठी वाटीभर काळ्या मसाल्याचा रस्सा केला होता, तो ओरपला आणि वर वाईनचा घोट घेतला. तोंडात आग. तिखट आणि तुरट एकमेकांवर चढतात, फळ मरतं, उरतो कडूपणा. हे कुणीही करू नये. वांग्याच्या भरतानं मात्र चकित केलं. सौ.नं तिच्यापुरतं केलेलं, थेट आचेवर भाजलेलं, मिरची जेमतेम. त्या धुरकट वांग्यापुढे वाईन पुन्हा सरळ झाली. शाकाहारी मंडळींनी चीजच्या मागे लागण्याआधी हे करून बघावं.

आता किमतीचं. वाईन उत्तम आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण दीडशेतले पन्नास-साठ युरो तरी १८५५ च्या त्या यादीचे आणि नारिंगी लेबलाचे आहेत असा माझा शेतकरी अंदाज. त्याच बागेची धाकटी वाईन ला क्र्वा द बोकायू या नावानं यायची, अलीकडच्या सालांवर ला क्र्वा द्युक्रू-बोकायू असं नाव असतं; किंमत साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची. परतताना तीच एक घेतली. पहिल्यांदाच बोर्डो पिणाऱ्याला मी तीच सांगेन. मोठी बाटली घ्यायची तर किमान दहा वर्षं जुनी घ्या. कोवळी घेऊन लगेच उघडणं म्हणजे डिसेंबरात थॉमसन खाणं. आणि उघडल्यावर दोन तास थांबायची तयारी नसेल, पाहुणे तिखट जेवणारे असतील, तर पैसे वाचवा. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. घरी कपाटावर ठेवू नका. नाशिकचा एप्रिल तिला मानवणार नाही.

एक तक्रार मात्र मी नोंदवणार, आणि ती या एका बाटलीबद्दल नाही. माझी द्राक्षपेटी युरोपात जायची तर बागेची नोंद ग्रेपनेट या निर्यातीच्या संगणक-नोंदवहीत, प्रत्येक फवारणीची तारीख वहीत, प्रयोगशाळेत औषधांच्या अंशाची तपासणी. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी आमच्याकडचा माल युरोपनं अडवला तेव्हा गावंच्या गावं बसली. मी ती बाटली चहूबाजूंनी वाचली. वाडा आहे, गाव आहे, साल आहे, श्रेणी आहे. बागेत काय मारलं याचा एक शब्द नाही, आणि तसा तो कुठल्याच वाईनवर नसतो. मोरचूद असेलच, मला आनंदच आहे. पण सांगा की.

बाटलीच्या तळाला दोन बोटं गाळ उरला. जुन्या वाईनला तो असतोच, तो ओतायचा नसतो, म्हणून मी शेवट सोडून दिला. सकाळी सौ. ती बाटली घेऊन गॅलरीत निघाली. लेकीनं तिथं कुंडीत कढीपत्ता जगवला आहे, फ्रान्सच्या हवेत जेमतेम. कुंडीशी थांबून तिनं मला हाक मारली, ‘‘अहो, यात मोरचूद नाही ना उरलेलं?’’

नाही म्हटलं. तरी तिनं आधी एकाच फांदीच्या बुडाशी थोडं ओतलं, आणि बाटली दोन दिवस तिथंच ठेवली.